दादर युनियनमध्ये असं होतं तरी काय?

परवा माटुंग्याच्या दडकर मैदानाच्या कडेला तुम्ही मला थांबवलंत. तुमच्या मुलाच्या खांद्यावर त्याच्या उंचीएवढी किटबॅग होती. तुम्ही म्हणालात, "काका, तुम्ही इथले जुने. सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर, माधव मंत्री, नरेन ताम्हाणे, रामनाथ पारकर, एवढे सगळे एकाच दादर युनियनचे कसे? असं होतं तरी काय त्या क्लबात?" हा प्रश्न मला लग्नात विचारतात, गाडीत विचारतात, भाचे-पुतणे विचारतात. दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देतो आणि घरी आल्यावर चुटपुट लागते. तुम्ही विचारलंत म्हणून यावेळी नीट लिहितो.

आधी एक सांगतो. मी दादर युनियनचा नाही. कांगा लीगच्या, म्हणजे मुंबईतल्या क्लबांच्या पावसाळी स्पर्धेच्या, खालच्या डिव्हिजनमधल्या एका छोट्या क्लबाकडून मी चौदा-पंधरा पावसाळे खेळलो. आमची मॅच लवकर आटोपली, आणि ओल्या विकेटवर ती पुष्कळदा आटोपायचीच, की आम्ही दोघं-तिघं पॅड बॅगेत कोंबून गाडी पकडायचो आणि माटुंग्याला त्यांची मॅच गाठायचो. त्यामुळे मी सांगतो ते दोरीबाहेर बसून पाहिलेलं आहे.

सुरुवात क्रिकेटच्याही आधी करावी लागते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दोन वर्षांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि गर्दीतून बाहेर पडून माणसांना हवा-उजेड मिळावा म्हणून शहराच्या उत्तरेला दादर-माटुंग्याची वस्ती आखली गेली. त्या काळी हे उपनगरच. रुंद रस्ते, बेताच्या उंचीच्या इमारती, मध्ये मोकळ्या जागा. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स हे सगळं त्यातलंच. इथे राहायला आले ते पगारदार लोक: कारकून, मास्तर, प्राध्यापक, बँकेतले, रेल्वेतले. पुढे १९३७ मध्ये रुईया कॉलेज आलं, १९४१ मध्ये पोदार. घर, शाळा, कॉलेज आणि मैदान, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. मुलगा शाळेतून आला, दप्तर टाकलं, बॅट उचलली, पाच मिनिटांत मैदानात. मुंबईत हे सुख फार थोड्या मुलांच्या वाट्याला आलं.

तोवर मुंबईचं मोठं क्रिकेट मरीन ड्राइव्हच्या जिमखान्यांकडे होतं. पारशी जिमखाना, हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना. धर्मावर संघ पाडून खेळली जाणारी पंचरंगी स्पर्धा १९४५-४६ नंतर बंद झाली, आणि ती झाली ते बरंच झालं असं माझं ठाम मत आहे. १९४८ मध्ये डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने पावसाळी लीग सुरू झाली. तिच्यात माणूस कुठल्या धर्माचा हा प्रश्नच नव्हता, तो कुठल्या क्लबाचा एवढंच बघायचे. मुंबई क्रिकेटचा भार दक्षिणेकडून दादर-माटुंग्याकडे सरकला तो याच काळात, असं मी समजतो. एका बाजूला शिवाजी पार्क जिमखाना, दुसऱ्या बाजूला दादर युनियन. मध्ये रेल्वेचे रूळ. शिवाजी पार्ककडे अजित वाडेकर, पद्माकर शिवलकर, पुढे संदीप पाटील. या दोन क्लबांची मॅच असली की लोक छत्र्या घेऊन मैदानाभोवती उभे राहत.

आता कांगा लीगबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझ्या मते अर्धं उत्तर तिथे आहे. तेव्हा ती जुलै ते सप्टेंबर, रविवारी व्हायची. त्या काळी खेळपट्टी झाकत नसत. रात्री पाऊस, सकाळी ऊन, परत सर. विकेटचा एक हातभर तुकडा सुकलेला, त्याला लागून तेवढाच तुकडा चिखल. एकाच टप्प्यावर पडलेले दोन चेंडू: पहिला अंगठ्यावर आदळणार, दुसरा घोट्याखालून सरपटणार. आउटफिल्डला गवत एवढं वाढलेलं की सणसणीत मारलेला ड्राइव्ह पंधरा पावलांवर रुतून बसायचा. त्यामुळे पन्नास-साठला संघ बाद होण्यात नवल नव्हतं, आणि तीस धावा केलेल्या माणसाकडे आम्ही शतकवीरासारखं बघायचो.

आमच्या क्लबात एक ज्येष्ठ होते. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. टॉसच्या आधी ते मला खेळपट्टीवर घेऊन जायचे आणि उकिडवे बसून अंगठा मातीत दाबायचे. अंगठा काढला की खळगा तसाच राहतो, का कडा ढासळतात, का पाणी वर येतं, ते बघायचे. मग मला दाबायला लावायचे. एका टोकाला, दुसऱ्या टोकाला, गुड लेंग्थला, म्हणजे चांगल्या चेंडूचा टप्पा जिथे पडतो तिथे, तीन ठिकाणी. "कळलं?" मी म्हणायचो, नाही. "मग परत दाब." तिसऱ्या पावसाळ्यात मला कळायला लागलं. खळग्याच्या कडा उभ्या राहिल्या आणि तळाला चकाकी आली की चेंडू थांबून येणार. तिथे पुढे झेपावलास तर कॅच उडालाच. "चेंडूला येऊ दे. तू जाऊ नकोस," एवढंच ते म्हणायचे. गावसकर चेंडू किती उशिरा खेळतात, अगदी डोळ्यांखाली, याचं जगभर कौतुक झालं. त्या कौतुकात मला माझी अंगठ्याने दाबलेली माती दिसते. पावसाळ्यात वाढलेल्या मुंबईच्या फलंदाजाला उशिरा खेळण्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

पण पाऊस सगळ्याच क्लबांवर पडत होता. मग दादर युनियनचं वेगळं काय?

शिस्त. हा शब्द वापरून गुळगुळीत झालाय, म्हणून काय दिसायचं ते सांगतो. वेळेच्या कितीतरी आधी मैदानात. धुतलेले पांढरे कपडे, बुटांना पांढरा रंग. कसोटी खेळून आलेला असो की पहिल्यांदा अकरात आलेला कॉलेजचा पोरगा, नियम एकच. आणि याच्या मुळाशी माधव मंत्री. चार कसोटी खेळलेले, मुंबईला रणजी जिंकून देणारे कर्णधार आणि यष्टिरक्षक. १९४८-४९ मध्ये पुण्याला महाराष्ट्राविरुद्धच्या ज्या रणजी सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून २,३७६ धावा झाल्या, त्यात मंत्रींचं द्विशतक होतं. गावसकरांचे ते सख्खे मामा. लहानपणी भाच्याने मामांचा एक स्वेटर मागितला तेव्हा, हा मिळवावा लागतो, असं सांगून मामांनी तो दिला नाही. ही गोष्ट गावसकरांनी स्वतः सांगितलेली आहे. मला ती फार मोठी वाटते, कारण घरातच एवढं कडक असलेला माणूस क्लबात कसा असेल ते त्यातून कळतं.

मंत्रींच्याच क्लबात पुढे नरेन ताम्हाणे, २१ कसोटी खेळलेले यष्टिरक्षक. म्हणजे एका मोहल्ल्यातल्या क्लबात कसोटी दर्जाचे दोन यष्टिरक्षक. विठ्ठल पाटील, ज्यांना सगळं मैदान 'मार्शल' म्हणायचं, ते भारताकडून कधी खेळले नाहीत, पण कांगा लीगमध्ये त्यांनी इतकी वर्षं इतके बळी घेतले की ओल्या विकेटवर त्यांना खेळून काढणं हीच एक परीक्षा मानली जायची. आणि वासू परांजपे. प्रथम श्रेणीचे २९ सामने एवढीच त्यांची कागदावरची नोंद, पण कर्णधार म्हणून आणि पुढे गुरू म्हणून त्यांनी किती जणांना उभं केलं त्याला मोजमाप नाही. गावसकरांना 'सनी' हे नाव त्यांनीच दिलं. ३० ऑगस्ट २०२१ ला ते गेले, त्या दिवशी मी जेवलो नाही.

डिसेंबर १९७२ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध भारताच्या डावाची सुरुवात गावसकर आणि पारकर यांनी केली. दोघंही दादर युनियनचे. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो, शेजाऱ्यांच्या रेडिओला कान लावून बसलो होतो. ज्या दोघांना मी माटुंग्यात दोरीवरून बघितलं होतं ते आता देशाची सुरुवात करत होते. माझी छाती किती भरून आली ते मला आजही सांगता येत नाही.

माझं खरं उत्तर असं आहे की ही माणसं परत येत होती. विदेश दौरा झाला, कसोटी शतक झालं, तरी गावसकर-वेंगसरकर रविवारी क्लबाच्या मॅचला उभे राहत. आता कल्पना करा, तुम्ही सतरा वर्षांचे आहात आणि स्लिपमध्ये तुमच्या शेजारी तो माणूस उभा आहे. तो दर चेंडूला वाकतो. संघ हरणार हे ठरलेलं असतानाही वाकतो. तुम्हाला कोणी काही शिकवायची गरजच उरत नाही.

याचा वारा आमच्यासारख्या छोट्या क्लबांनाही लागला. काही चुकलं की आमचा कर्णधार एकच वाक्य म्हणायचा: "दादर युनियनमध्ये हे चाललं असतं का?" एका जुलैत शीवजवळ रुळांवर पाणी आलं आणि मी सात मिनिटं उशिरा पोचलो. अकरातून माझं नाव कापलेलं होतं. मी कारण सांगितलं. तो म्हणाला, "पाऊस जुलैत पडतो हे ठाऊक नव्हतं? आधीची गाडी पकडायची." दिवसभर मी पाणी नेलं. डोळे भरून येत होते. दुपारी तो तंबूत माझ्या शेजारी येऊन बसला, त्याच्या डब्यातली अर्धी पोळी-भाजी मला दिली आणि पुढचा तासभर समोरच्या बोलरचा हात वाचायला शिकवत राहिला: चेंडू सोडताना मनगट कुठे असतं, आत येणारा कुठला, बाहेर जाणारा कुठला. पुढच्या रविवारी मी पहिल्या गाडीने गेलो. मैदानात माळी आणि मी, दोघंच.

आजच्या अकादम्यांना मी नावं ठेवत नाही. मुलांचं तंत्र आमच्यापेक्षा नक्कीच चांगलं आहे, व्हिडिओ लावून चूक दाखवतात, आहाराकडे लक्ष देतात. पण तिथे बारा वर्षांचा मुलगा बारा वर्षांच्याच मुलांत खेळतो. १९८४ मध्ये सचिन तेंडुलकर अकरा वर्षांचा असताना जॉन ब्राइट क्लबाकडून कांगा लीग खेळला, तो मोठ्या माणसांच्यात. क्लबात चाळीस वर्षांचा कारकून, वीस वर्षांचा विद्यार्थी आणि शाळकरी पोर एकाच तंबूत बसून एकाच डब्यातलं खातात. ही गोष्ट फी भरून मिळत नाही, आणि ती कमी होत चालली आहे याचं मला फार वाईट वाटतं.

तर तुमच्या मुलाला अकादमीतून काढू नका. पण त्याला एखाद्या क्लबातही घाला, कुठल्या डिव्हिजनचा आहे ते बघत बसू नका. आणि येत्या रविवारी मॅचच्या तासभर आधी त्याला दडकरवर घेऊन या. परवानगी द्यायला माळी आमच्या ओळखीचा आहे. बॅट आणायची गरज नाही. आधी त्याला अंगठा दाबायला शिकवतो.