सलाईन लावा ना सिस्टर

सिंधुदुर्गात घरी जाऊन पेशंट बघणाऱ्या पॅलिएटिव्ह टीममध्ये मी नर्स आहे, म्हणजे बरे न होणारे पेशंट, बहुतेक कॅन्सरचे, काही पॅरालिसिस होऊन वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले. लोकांना वाटतं आम्ही फक्त मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं दुखण्यावरचं जोरदार औषध, द्यायला जातो. ते देतोच, पण अर्धा वेळ घरातल्या माणसांशी बोलण्यात जातो, आणि तेच जास्त अवघड.

आबा देवगडच्या अलीकडे खाडीकाठी राहायचे, जन्मभर होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. तंबाखू कधी सुटला नाही, जबड्याचा कॅन्सर झाला, मुंबईत रेडिएशन झालं, तो परत उलटला आणि घरी न्या म्हणून सांगितलं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ते दुखण्यामुळे उशीला टेकून बसूनच रात्र काढायचे. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या चालू केल्या, दर चार तासांनी, रात्री झोपताना डबल म्हणजे मध्ये उठवायला नको, आणि सोबत पोट साफ व्हायचं औषध, कारण मॉर्फिनने हमखास कडक होतं. अफूची सवय लागेल म्हणून शेजाऱ्यांनी घाबरवलं होतं, पण आबा झोपायला लागले तशी ती चर्चा आपोआप बंद पडली. २०१४ ला अमली पदार्थांचा कायदा बदलला म्हणून ही गोळी मिळणं जरा सोपं झालं, नाहीतर आधी परवान्यांच्या चक्करमध्येच पेशंट जायचा.

तर नारळी पौर्णिमा होऊन गेली होती आणि सकाळी सुनेचा फोन. सिस्टर, बाबा कालपासून काही गिळत नाहीत, मुंबईहून हे ओरडतायत की सलाईन लावा नाहीतर प्रायव्हेटला न्या, तुम्ही या.

मी पोचले तेव्हा काकी, म्हणजे आबांची बायको, त्यांच्या उशाशी पेजेची वाटी घेऊन बसलेल्या. आबा अर्धवट झोपेत, घशात घरघर. काकी चमचा लावायच्या, पेज ओठाच्या कोपऱ्यातून खाली यायची, त्या पदराने पुसायच्या आणि लगेच दुसरा चमचा. मला धडकीच भरली, कारण शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात घातलेलं सरळ फुप्फुसात जाऊ शकतं.

"काकी, वाटी जरा माझ्याकडे द्या."

"कालपासून पोटात काय नाय ह्येंच्या. असा उपाशी ठेवूचा काय माणसाक?"

वाटी काही दिली नाही. मी आधी आबांना बघितलं, पाय गार, गुडघे जांभळट, लघवीची पिशवी जवळजवळ रिकामी, श्वास मध्येच थांबायचा आणि परत सुरू व्हायचा. म्हणजे एक-दोन दिवस. कुशीवर वळवलं, डोकं थोडं वर घेतलं, तशी घरघर बरीच कमी झाली. गोळी गिळणं बंद म्हणून डॉक्टरांना फोन करून चामडीखालच्या इंजेक्शनवर आणलं. मग काकींजवळ खाली बसले आणि सांगितलं की ते जेवत नाहीत म्हणून चाललेत असं नाही, जायची वेळ आलीय म्हणून जेवण सुटलंय, त्यांना आता भूक लागत नाहीय. हे वाक्य मी प्रत्येक घरात बोलते आणि पहिल्या खेपेला ते कुणाच्याच गळी उतरत नाही.

मुलाला व्हिडिओ कॉलवर तेच. सलाईनचं पाणी या शरीराला झेपणार नाही, अंगाला सूज येईल, घरघर वाढेल. तो थोडा वेळ गप्प, मग म्हणाला, मग मी करू काय? म्हटलं, आज रात्रीच निघा, तुतारी एक्स्प्रेस नाही मिळाली तर लक्झरी बस पकडा.

काकींच्या हाताला काम हवं होतं. गॉज बोटाला गुंडाळून, पाण्यात बुडवून, पूर्ण पिळून तोंड आतून कसं पुसायचं ते दाखवलं, नंतर ओठांना खोबरेल. "नुसता पाणी?" त्यांना ते पटेना. मग हळूच, "शाळ्याचा चलात?" म्हटलं चालेल की, फक्त पिळून घ्या. लगेच नातवाला शहाळं आणायला पिटाळलं. आणि काय सुंदर केलं त्यांनी, ओठावरची खपली न ओढता भिजवून भिजवून काढली, तोंडाने बडबड चालूच, "पुतण्यान होडी घातल्यान, बांगडे गावले, आयकतास मा?" शेवटपर्यंत ऐकू येत असावं असं धरूनच आम्ही चालतो, म्हणून मी त्यांना थांबवलं नाही.

दुपारी वाडीतले एक म्हातारे आले आणि पडवीत उभं राहून रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं, ह्येचे हाल करू नको रे म्हाराजा, सोडवून घे. बाकीचे व्हय म्हाराजा. आमच्या फाइलमध्ये उपचाराचं ध्येय असा कॉलम असतो, तो ह्या माणसाने एका दमात भरला!

मुलगा सकाळी पोचला, आबा दुपारी गेले.

दिवस-कार्य झाल्यावर भेटायला गेले, उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून परत घ्यायच्या असतात. काकी म्हणाल्या, दोन चमचे पेज गेली असती तर अजून चार दिवस काढले असते. मी वाद घातला नाही. बीपी बघितलं तर बरंच वर, त्यांची स्वतःची गोळी आबा गेल्यापासून बंद. सुनेला सांगितलं, उद्याच आरोग्य केंद्रात घेऊन जा.