सीमेच्या अलीकडे राहिलेले

'निर्वासित' आणि 'विस्थापित' हे शब्द आपण बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. कायद्याच्या लेखी मात्र त्यांच्यामध्ये देशाची सीमा उभी असते. धर्मावरून होणाऱ्या छळाला भिऊन दोन शेजारी कुटुंबे एकाच रात्री घर सोडून निघाली, त्यांतले एक परक्या देशात पोहोचले आणि दुसरे वाटेतल्याच एखाद्या छावणीत अडकले, तर १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचा आधार पहिल्याला मिळतो, दुसऱ्याला नाही.

हा आधार लहान नाही. जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, तिथे निर्वासिताला परत धाडता येत नाही, असे कलम ३३ सांगते. मला त्याहून कलम ३१ अधिक समंजस वाटते: धोक्याच्या ठिकाणाहून थेट आलेला आणि विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर झालेला माणूस केवळ बेकायदा प्रवेशासाठी शिक्षेस पात्र ठरत नाही. जीव वाचवायला निघालेला माणूस व्हिसाच्या रांगेत उभा राहू शकत नाही, हे मसुदा करणाऱ्यांना उमगले होते.

सीमेच्या अलीकडे राहिलेल्यांसाठी १९९८ मध्ये सुदानचे मुत्सद्दी फ्रान्सिस डेंग यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांत तीस मार्गदर्शक तत्त्वे मांडली गेली. ती मानवी हक्कांच्या व युद्धविषयक कायद्यांवर बेतलेली असली, तरी तो करार नव्हे. शिवाय संरक्षणाची पहिली जबाबदारी त्यांनी त्या-त्या देशाच्या सरकारवरच टाकली आहे, आणि पुष्कळदा हुसकावून लावणारे तेच असते. आफ्रिकी देशांनी २००९ च्या कंपाला करारात ही जबाबदारी बंधनकारक केली. कोलंबियाच्या घटनात्मक न्यायालयाने २००४ मध्ये विस्थापितांची एकूण अवस्थाच घटनाविरोधी ठरवली आणि पुढे कित्येक वर्षे सरकारकडून अंमलबजावणीचा हिशेब मागितला. बंधनकारक नसलेल्या तत्त्वांनाही न्यायालय असे बळ देऊ शकते.

या तत्त्वांपैकी विसावे मी पुन्हा पुन्हा वाचतो. हरवलेली ओळखपत्रे, जन्माचे व विवाहाचे दाखले सरकारने नव्याने द्यावेत, त्यासाठी माणसाला सोडून आलेल्या गावी परत जाण्याची अट घालू नये, आणि ही कागदपत्रे स्त्रियांना त्यांच्या स्वतःच्या नावाने मिळावीत, असे ते सांगते. ज्या कुटुंबातला पुरुष मागेच राहिला, किंवा मारला गेला, तिथे रेशनपासून शाळेतल्या प्रवेशापर्यंत सारे या शेवटच्या वाक्यावर अडते.