आमच्या ‘क’ वर्ग वाचनालयाची तपासणी

गावच्या वाचनालयाचा कार्यवाह व्हायला कुणी हौसेनं पुढं येत नाही. अध्यक्षाला निदान हारतुरे मिळतात, कार्यवाहाच्या वाट्याला सह्या आणि फायली. मी शाळेतून निवृत्त झालो त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. “गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं आहे,” एवढ्या गुणावर माझी निवड झाली.

वाचनालय कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातलं, शासनमान्य ‘इतर क’ वर्गातलं. (अ, ब, क, ड हे वाचनालयांचे उतरते दर्जे; ‘इतर’ म्हणजे जिल्ह्याचं किंवा तालुक्याचं मुख्य वाचनालय नसलेलं.) या भागाला ग्रंथालयांचा थोडा अभिमान आहे, आणि तो फुकाचा नाही: देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानानं केला. आज आम्हाला लागू आहे तो १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, अंमल १ मे १९६८ पासून. तमिळनाडूत मद्रासच्या १९४८ च्या कायद्यापासून घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर गोळा होतो. आपल्याकडं तसा उपकर नाही. गावानं संस्था नोंदवायची, वाचनालय चालवायचं. ग्रंथालय संचालनालयानं मान्यता आणि दर्जा द्यायचा, अनुदान द्यायचं आणि हिशेब मागायचा. मुंबईत नगर भवनातलं संचालनालय, विभागाला सहायक संचालक, जिल्ह्याला जिल्हा ग्रंथालय अधिकारी अशी ती उतरंड. आमचा संबंध शेवटच्या पायरीशी.

पहिलं काम पुस्तकांचं असेल असं वाटलं होतं. निघालं ते धर्मादाय कार्यालयातलं. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली, त्यामुळं नवं कार्यकारी मंडळ आलं की बदल अर्ज करायचा: सभेची नोटीस, इतिवृत्त, जुन्यांचे राजीनामे, नव्यांची संमतिपत्रं. बँकेतल्या सह्या बदलायच्या. अनुदान संस्थेच्या खात्यात जमा होतं. खातं कुणी चालवायचं यावरच गोंधळ असेल तर पुढचं सगळं अडतं. नव्या कार्यवाहाला माझं एकच सांगणं: आधी हे उरका, पुस्तकांच्या कपाटाला नंतर हात लावा.

मग नोंदवह्या. दाखल नोंदवही (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन चढवायची), देवघेव नोंदवही, सभासद नोंदवही, वर्गणीची पावती पुस्तकं, कीर्द, खतावणी, जडवस्तू नोंदवही, वृत्तपत्रं-नियतकालिकांची नोंद, हजेरीपत्रक, इतिवृत्त. आमच्या ग्रंथपाल ताईंनी ग्रंथालयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेला असल्यानं रोजची नोंद चोख होती. पण ग्रंथपडताळणी बरीच वर्षं झालेली नव्हती. दाखल नोंदवहीतला एकेक क्रमांक वाचायचा आणि ते पुस्तक कपाटात दाखवायचं, असं हे काम. दुपारी शाळा सुटली की सातवी-आठवीची पोरं यायची. मी क्रमांक पुकारायचा, पोरांनी शोधायचं, ताईंनी खूण करायची. कादंबऱ्या बहुतेक सापडल्या. गहाळ निघाली ती शेतीची, कायद्याची आणि पाककृतींची पुस्तकं. म्हणजे गावाला खरोखर काय लागतं याची यादी चोरांनीच करून दिली. (चोर हा शब्द जरा कडक झाला. दोन घरी मी स्वतः जाऊन पुस्तकं आणली आणि दोन्हीकडं चहा मिळाला.) जी वाळवीनं आणि ओलीनं गेली होती त्यांचं निर्लेखन करायचं, म्हणजे ती नोंदीतून रीतसर काढायची, तेही कार्यकारिणीच्या ठरावानं. ठराव नसेल तर कागदावर ते पुस्तक जिवंतच राहतं.

तपासणीला अधिकारी आले ते सकाळी, वाचनालय उघडायच्या वेळेलाच. ठरलेल्या वेळेत दार उघडतं का, हे त्यांना पाहायचं असणार. आधी त्यांनी वर्तमानपत्रं वाचत बसलेल्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारल्या. मग दाखल नोंदवही मधूनच उघडली, तीनचार क्रमांक सांगितले आणि ती पुस्तकं मागितली. पुस्तक हातात आलं की शिक्का पाहायचे. पहिल्या पानाबरोबर आम्ही आत एका ठरावीक पानावरही शिक्का मारतो, तिथंही डोकावले. खरेदीची बिलं नोंदवहीतल्या क्रमांकांशी जुळवली. शासनमान्य यादीतली पुस्तकं किती घेतली ते विचारलं.

नंतर देवघेव नोंदवही पुढ्यात घेऊन म्हणाले, “गुरुजी, यात बायका कुठं आहेत? आणि लहान मुलं?”

खरंच नव्हती. पडताळणीला राबलेल्या पोरांतलं एकही सभासद नव्हतं. बायका वाचत होत्या, पण नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, आणि पुस्तक निवडायचं काम त्यानंच केलेलं. अधिकाऱ्यांनी तो शेरा अहवालात लिहिला आणि उणीव दूर केल्याचा पूर्तता अहवाल मागितला. माझ्या मते त्या भेटीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच. अनुदानाचा चेक आम्ही कसाही खर्च केला असता. हा प्रश्न बाहेरच्या कुणीतरी विचारल्याशिवाय आमच्या मंडळात निघाला नसता. बायकांना सोयीची वेळ दुपारची, म्हणून मंडळानं तेव्हाही दार उघडायचं ठरवलं. मुलांची वर्गणी नाममात्र केली. दुपारी पुरुष नसतात हे कळल्यावर बायका स्वतः येऊन पुस्तकं निवडायला लागल्या. पैसे भरून दिवाळी अंक वाचायला न्यायच्या योजनेत त्या वर्षी निम्म्याहून जास्त नावं त्यांचीच होती. त्या योजनेचे पैसे आम्हाला फार उपयोगी पडतात, कारण सगळा खर्च अनुदानातून भागत नाही, काही वाटा संस्थेला स्वतः उभा करावा लागतो.

पैशाचंही सांगायलाच हवं. ‘इतर क’ वर्गाचं वार्षिक अनुदान पूर्वी ९६,००० रुपये होतं. २०२२-२३ पासूनच्या साठ टक्के वाढीनंतर ते १,५३,६०० झालं. ‘ड’ वर्गाचं ३०,००० वरून ४८,००० वर गेलं. यातलं निम्मं वेतनावर, निम्मं वेतनेतर. वेतनेतर म्हणजे पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, झाडूपासून टाचणीपर्यंत सगळं. त्या आकड्यावर वेतनाचं गणित करा: वर्षाला ७६,८०० रुपये, महिन्याला ६,४०० आणि त्यात ग्रंथपाल ताई आणि शिपाई मामा दोघं. तेही महिन्याच्या महिन्याला नाही, अनुदान हप्त्यांनी येतं. तोवर पेपरवाला थांबतो, ताईही थांबतात. वेतनश्रेणी मिळावी म्हणून ग्रंथालय कर्मचारी वर्षानुवर्षं भांडताहेत आणि त्यांचं बरोबर आहे. शिकलेल्या माणसाला आम्ही रोजगार हमीपेक्षा कमी देतो, आणि त्याला मानधन हे गोड नाव ठेवतो.

लोखंडी मांडण्यांसाठी आम्ही राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनेत अर्ज केला. १९७२ साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था कोलकात्यात आहे, पण अर्ज जिल्हा कार्यालयातूनच वर सरकतो. दरपत्रकं, लेखापरीक्षकाचे अहवाल, जागेचे कागद, मागचं अनुदान ठरल्या कामावर खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, सगळं जोडलं. हे काम मला सोपं गेलं ते आधीच्या नोंदवह्यांमुळं. आकडा कुठं शोधायचा ते पाठ झालं होतं. मांडण्या आल्या. जुनी लाकडी कपाटं शाळेनं नेली.

आता मंडळातल्या तरुण सभासदांना ‘ब’ वर्ग हवा आहे. मागणी रास्त आहे, दर्जा वाढला तर ताईंचं मानधनही वाढेल. पण त्यासाठी ग्रंथसंख्या कितीतरी जास्त लागते आणि एकानं उपाय सुचवला: शहरातल्या रद्दीवाल्याकडून किलोनं पुस्तकं आणू, नोंदवहीत चढवू, आकडा पुरा होईल. अशी वाचनालयं मी पाहिली आहेत. २०१२ साली राज्यभर महसूल यंत्रणेकडून ग्रंथालयांची पडताळणी झाली ती अशाच कागदी कारभारामुळं, आणि नंतर कितीतरी वर्षं नव्या मान्यता आणि दर्जावाढ बंद राहिली. त्यात प्रामाणिक वाचनालयंही भरडली गेली. मी सभेत स्पष्ट सांगितलं की रद्दीतली पुस्तकं दाखल नोंदवहीत येणार असतील तर त्या पानावर माझी सही असणार नाही. ठराव तहकूब झाला. त्याऐवजी बायकांनी दुपारी मागितलेल्या पुस्तकांची यादी ताईंनी केली आहे, शिवण, बालसंगोपन, पोलीस भरतीची तयारी, आणि बऱ्याच कादंबऱ्या. या वर्षीची खरेदी त्या यादीवरून होईल.