मोजणीत जे येतच नाहीत

युरोपमधल्या अपंग धोरणाबद्दल काहीही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास सापडतं, की युरोपियन युनियनमध्ये १६ वर्षांवरच्या साधारण दर चार जणांमागे एकाला काही ना काही अपंगत्व आहे. आकडा खोटा नाहीये पण तो येतो कुठून ते बघायला पाहिजे. दरवर्षी घरोघरी सर्व्हे होतो, त्यात विचारतात की गेले निदान ६ महिने तब्येतीच्या त्रासामुळे रोजची कामं करायला अडचण येतेय का, खूप की थोडी की अजिबात नाही. माणूस स्वतःच उत्तर देतो. आता त्याच देशात अपंगत्वाची पेन्शन किती जणांना मिळते ते बघा, तो आकडा एकदम वेगळा, कारण तिथे डॉक्टर किंवा बोर्ड काम करायची क्षमता किती उरली ते ठरवतं, आणि अपंगांना मिळणाऱ्या पार्किंगच्या कार्डाचा नियम पुन्हा तिसराच!

म्हणूनच प्रत्येक देशात प्रत्यक्षात काय चाललंय ते तपासणाऱ्या एक्स्पर्ट लोकांचं काम मला फार मोलाचं वाटतं. २००७ च्या शेवटी युरोपियन कमिशनने, म्हणजे युनियनचा कारभार चालवणाऱ्या मंडळाने, अपंगत्वावर काम करणाऱ्या अभ्यासकांचं एक नेटवर्क उभं केलं, ॲनेड म्हणतात त्याला, अभ्यासाची बाजू लीड्स युनिव्हर्सिटीकडे होती, आणि देशोदेशीचे अभ्यासक आपापल्या देशाचे कायदे, नोकरी, शिक्षण, स्वतंत्रपणे राहायची सोय यावर रिपोर्ट लिहायचे. पुढे युरोपियन डिसॅबिलिटी एक्स्पर्टाइज हा गट आला, काम तेच. ब्रसेल्समध्ये, युनियनच्या मुख्यालयात बसून कुणाला कळणार की अमुक देशात कायदा कागदावर आहे पण अपंग माणसाला रोजच्या कामात मदत करणाऱ्या पर्सनल असिस्टंटचे तास मंजूरच होत नाहीत? ते तिथला माणूसच सांगू शकतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो सर्व्हे फक्त घरांमध्ये होतो. संस्थांमध्ये, मोठ्या निवासी केंद्रांमध्ये जे राहतात ते त्यात नाहीतच. म्हणजे ज्यांचं आयुष्य धोरणावर सगळ्यात जास्त अवलंबून आहे तेच मोजणीबाहेर, आणि १६ च्या आतली मुलंही त्या मुख्य आकड्यात नाहीत. युनियनने यूएनचा अपंग हक्क करार २०१० च्या डिसेंबरमध्ये मंजूर केला, २०११ पासून तो लागू आहे, त्यातलं कलम १९ समाजात राहायच्या हक्काचं आणि कलम ३१ आकडेवारी गोळा करायचं, ही दोन्ही कलमं एकत्र वाचली की ही त्रुटी किती गंभीर आहे ते कळतं. शिवाय कलम ४ सांगतं की धोरण ठरवताना अपंग लोकांच्या संघटनांशी बोलायलाच हवं, तेव्हा नुसता प्रोफेसरांचा रिपोर्ट पुरत नाही, कितीही चांगला असला तरी.

आता २०२४ मध्ये युरोपियन डिसॅबिलिटी कार्डाचा, म्हणजे युनियनभर चालणाऱ्या अपंगत्वाच्या ओळखपत्राचा कायदा झालाय, २०२८ पासून तो प्रत्यक्षात येईल. दुसऱ्या देशात थोड्या दिवसांसाठी गेलात तर तिथल्या सवलती मिळतील, ही मोठीच गोष्ट आहे. पण कायमचं राहायला गेलात तर तिथल्या पेन्शन, भत्त्यासाठी त्या देशाच्या नियमाने तपासणी पुन्हा पहिल्यापासून. पुढचे देशवार रिपोर्ट आले की मी तरी आधी हेच शोधणार, की नवी तपासणी होईपर्यंतच्या महिन्यांत त्या माणसाला कोणता देश काय देतोय.