हर्णै बंदर १:७२: ओली वाळू झाली, बैलांना वशिंडं आली

कोकणातल्या हर्णैच्या मासेमारी बंदराचं मी १:७२ मापाचं, म्हणजे खऱ्यापेक्षा ७२ पट लहान, मॉडेल करतोय. मागच्या वेळी पाया आणि होडीचा सांगाडा दाखवला होता. आता वाळू आणि पाणी जिथे भेटतात तो पट्टा पुरा झालाय. देखावा संध्याकाळच्या लिलावाचा: मोठ्या बोटी बाहेर नांगरलेल्या, छोट्या होड्या मासळी घेऊन किनाऱ्याला आलेल्या आणि बैलगाडी थेट पाण्यात शिरलेली. पाया ६० बाय ४० सेंमी, म्हणजे साधारण ४३ बाय २९ मीटरचा किनारा. एवढ्यात दोन होड्या, एक गाडी आणि लिलावाचं कोंडाळं बसतं. त्याहून जास्त कोंबलं की जत्रा भरते.

किनाऱ्याचं मॉडेल म्हटलं की खरी वाळू वापरायचा मोह होतोच. जरा हिशेब करा. पाव मिलीमीटरचा कण ७२ पटीने १८ मिलीमीटरचा होतो, म्हणजे पुळण जाऊन खडी आली! मी टाइलच्या सांध्यांत भरतात ते ग्राउट घेतलं आणि पातळ केलेल्या फेव्हिकॉलवर गाळणीने भुरभुरवलं. खरी गंमत त्यानंतरची. वरची वाळू कोरडी आणि फिकट, खालची ओली आणि गडद, आणि लाट नुकती ओसरलेली जागा गडद असून वर चकाकणारी. मॅट, सॅटिन, ग्लॉस अशी तीन वार्निशं स्पंजच्या तुकड्याने टेकवत एकमेकांत मिसळवली. ब्रश ओढला की कडा रेघेसारखी येते, म्हणून स्पंजच. ग्राउट ओलं असतानाच गाडीचं चाक फिरवून चाकोऱ्या उमटवल्या आणि पाण्याजवळच्या चाकोऱ्यांत सुईच्या टोकाने रेझिनचे (वाळल्यावर पाण्यासारखं पारदर्शक दिसणाऱ्या द्रवाचे) थेंब सोडले. बघणाऱ्याची नजर होडीआधी तिथे जाते. माझं तर मत झालंय की होडी जेमतेम असली तरी चालेल, पण हा ओला पट्टा जमलाच पाहिजे.

पाण्याला निळा रंग अजिबात नको. किनाऱ्यालगत आपलं पाणी मातकट हिरवं असतं. तळ तसा रंगवून वर एपॉक्सी रेझिनचे दोन-तीन मिलीमीटरचे थर दिले, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर पुढचा. रेझिन होडीच्या बुडाला चिकटून वर चढतं. १ मिलीमीटर चढलं तरी खऱ्या मापात ते ७ सेंमी होतं, म्हणून तिथे ॲक्रिलिक जेलची बारीक लाट लावून टाकायची. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत रेझिनवर पांढुरकी साय धरते.

आता बैल. ह्या मापात मिळणारी गुरं बहुतेक युरोपातली, पाठ सपाट. ती हर्णैच्या गाडीला जुंपली तर कोकणातलं कोणीही हसेल. एमसीलची बारीक गोळी लावून वशिंड केलं, गळ्याखाली पोळी ताणून दाबली, ती झाली गलकंबळ. शिंगं तांब्याच्या तारेची. बायकांच्या लुगड्यांना टिश्यूपेपर पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून चिमट्याने काष्टा घातला. पाटीतली मासळी म्हणजे चॉकलेटची चांदी कातरून केलेले तुकडे. पंचवीस सेंमीचं पापलेट इथे साडेतीन मिलीमीटरचं होतं, तेव्हा शेपटी वगैरे कोरायच्या फंदात पडलो नाही. कोळंबी म्हणून जुन्या ब्रशचे केस गुलाबी रंगवून कापले.

समोरच्या समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याशिवाय हर्णै ओळखू येणार नाही. पण किल्ला किनाऱ्यापासून ४०० मीटर धरला तरी १:७२ मध्ये साडेपाच मीटर लांब जातो, आणि माझी खोली तेवढी नाही. म्हणून उलटा हिशेब केला. कॅमेऱ्यापासून ८० सेंमीवर किल्ल्याचा कापीव फोमबोर्ड उभा करायचा, तर तो १:५०० मापाचा हवा. तट १० मीटर उंच धरला तर फक्त २ सेंमी! त्यावर निळसर करड्या रंगाचा अगदी पातळ हात दिला की हवेतलं धुरकटपण येतं आणि किल्ला मागे सरकतो. बुरुजांचे दगड रंगवू नयेत, तपशील दिसला की अंतर मरतं.

फोटोंसाठी मोठा कॅमेरा बाजूला ठेवून फोन घेतला. माणसाच्या डोळ्यांची उंची १६० सेंमी, इथे २२ मिलीमीटर. फोन उलटा धरून टेकवला की लेन्स बरोबर त्या उंचीच्या आसपास येते, मोठ्या लेन्सला तिथवर वाकताच येत नाही. शिवाय फोनचा सेन्सर लहान, त्यामुळे पुढून मागे बरंच काही स्पष्ट राहतं. उरलेल्यासाठी फोकस थोडा थोडा मागे सरकवत फोटो काढून ते एकत्र जोडायचे. दिवा एकच, पिवळसर, समुद्राच्या बाजूने, कारण किनारा पश्चिमेचा आणि वेळ संध्याकाळची. दोन दिवे लावले की दोन सावल्या पडतात आणि सोंग उघडं पडतं. १ सेंमी रुंदीचा दिवा सुमारे ११० सेंमीवर ठेवला तर सावलीची कड उन्हातल्यासारखी येते, कारण तिथून तो सूर्याएवढाच, अर्ध्या अंशाचा, दिसतो.

जाळी अजून व्हायची आहेत. लग्नातल्या फेट्याची जाळी जाड वाटते, नायलॉनच्या मोज्याची बरी दिसतेय, रंगवून बघतो. त्यानंतर १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीतलं बंदर करायचं डोक्यात आहे: वर ओढलेल्या, झावळ्यांनी शाकारलेल्या होड्या. १:७२ मध्ये माडाची झावळी कशाची करावी हे कोणी करून पाहिलं असेल तर सांगा. कागदाची पातं कापून डोळे गेले.