ड्रेसिंगच्या वेळी डोळ्यांवर धबधबा: माझा अनुभव

वेळा अमावस्या हा आमच्याकडचा शेतातला सण. त्या पहाटे भज्जीचं, म्हणजे भाज्या आणि बेसनाच्या दाट कालवणाचं, पातेलं चुलीवरून उतरवताना हातातून निसटलं आणि डाव्या पायावर आलं. नुसतं पाणी असतं तर ओघळून गेलं असतं. भज्जीत बेसन, ती कातडीला धरून बसते. घरची माणसं शेतात कडब्याच्या कोपीतल्या (छोट्या खोपटातल्या) पांडवांची पूजा करून आंबिल पीत होती, तेव्हा मी लातूरच्या एका दवाखान्यात होते.

भाजलं त्या दिवसापेक्षा ड्रेसिंगचे दिवस जड गेले. सिस्टर सलाईन ओतून जाळीची पट्टी भिजवायच्या आणि एका कडेनं सोलत आणायच्या. पट्टी जिथं चिकटलेली असायची तिथं त्यांचा हात थांबायचा, आणि त्या थांबण्याचीच मला धास्ती. तिसऱ्या दिवसापासून ट्रॉलीच्या चाकांचा आवाज आला की पोटात गोळा यायचा.

माझा भाचा पुण्यात फिजिओथेरपी शिकतो. तो व्हीआर हेडसेट घेऊन आला, डोळ्यांवर बांधला की आपण त्या व्हिडिओतच उभे आहोत असं वाटतं तो. म्हणाला, "मावशी, सिॲटलमध्ये हंटर हॉफमन यांनी भाजलेल्या पेशंटसाठीच 'स्नोवर्ल्ड' नावाचा बर्फाचा खेळ केला. ड्रेसिंग चालू असताना पेशंट बर्फाचे गोळे फेकत बसतो. मेंदूचं लक्ष तिकडं गुंतलं की दुखण्याच्या वाट्याला कमी येतं." रॉजर उलरिच यांचा १९८४ सालचा अभ्यासही त्यानंच सांगितला: पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा जोरदार वेदनाशामक कमी लागली. आमच्या ड्रेसिंग रूमला खिडकीच नव्हती.

डॉक्टरांनी फिट येते का, चक्कर येते का, एवढं विचारलं आणि परवानगी दिली. गोळी मात्र आधीसारखीच, ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी. ती बंद करायची नाही हे त्यांनी दोनदा बजावलं, आणि ते बरोबरच होतं.

पहिला व्हिडिओ डोंगरांवरून उडत जाणारा होता. दोन मिनिटांत मळमळलं, काढून टाकला. दुसऱ्यात कॅमेरा जागचा हलत नव्हता. गर्द झाडी, समोर धबधबा. पण सिस्टरांचा हात दिसत नसल्यामुळं पहिल्या स्पर्शालाच मी इतकी दचकले की त्यांच्या हातातला चिमटा पडला. मग आमचं ठरलं: हात लावण्याआधी त्यांनी "ताई, लावते" म्हणायचं. हे पहिल्याच दिवशी ठरवायला हवं होतं. ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी आधी एवढं करा.

धबधब्याच्या उजवीकडं एक नेचा होता. त्याच्या टोकाला थेंब जमायचा, फुगायचा, पान वाकायचं आणि थेंब सुटला की पान परत वर यायचं. मी तेवढंच बघायची. दुखत होतंच, पण सगळं दुखणं एकदम अंगावर येत नव्हतं. एकदा सिस्टर म्हणाल्या, "झालं ताई," तर मला वाटलं पट्टी अजून भिजतीय.

शेजारच्या कॉटवरच्या आजींना मी हेडसेट देऊ केला. त्या म्हणाल्या, "नको माय, माझ्या पायाला काय करतेत ते मला दिसू दे." त्यांना बघत राहण्यातच धीर होता, मग मीही आग्रह केला नाही.

मधल्या काळात भाच्यानं आमच्या शेताचा तसाच व्हिडिओ काढून आणला होता. ज्वारी, बांधावरची बाभळ, सगळं होतं, पण कॅमेरा हातात धरून चालत काढलेला, त्यामुळं बघवेना. येत्या वेळा अमावस्येला तिपाई घेऊन ये म्हटलंय त्याला. कोपीशेजारी ठेवू, आणि तो व्हिडिओ त्या सिस्टरांकडं पोचता करू.