तुम्ही विचारलंत म्हणून: अंगणातला बदाम का ठेवलाय?

पायाखालची पानं बघून घरी येणारा जवळपास प्रत्येकजण हेच विचारतो: "एवढा कचरा करतो, मग पाडून का टाकत नाही?" आजवर मी "बघू" म्हणून विषय बदलत आले. आता नीट सांगते.

कचरा होतो हे मला तुमच्याआधी माहीत आहे; झाडू माझ्याच हातात असतो. देशी बदामाचं पान तळहाताहून मोठं, जाड, चिवट. लवकर कुजत नाही, पन्हाळीत अडकलं की पाणी तुंबतं आणि फरशीवर ओलं राहिलं तर तपकिरी डाग सोडतं, कारण त्यात टॅनिन भरपूर. रात्री वटवाघळं गर खाऊन बिया खाली टाकतात. सगळं मान्य. पण भर दुपारी अंगणाकडची भिंत तापत नाही ती याच पानांमुळे, हे कुणी हिशेबात धरतच नाही.

"मग निदान शेंडा तरी छाटा," हा पुढचा सल्ला. तो एकदा अमलात आलाय, म्हणूनच त्याचं नाव काढलं की माझा आवाज चढतो.

घरच्यांनी माणूस बोलावला. त्यानं आधी शेंडा उडवला. मग छपराकडची मांडीएवढी फांदी घेतली आणि खालून खाच न घेता थेट वरून करवत चालवली. निम्म्यावर आल्यावर फांदी स्वतःच्याच वजनानं खचली आणि जाताना खोडाची साल हातभर सोलत खाली आली. आतलं ओलं, फिकट लाकूड उघडं पडलं. मी खालून ओरडत होते. त्यानं त्यावर डांबर फासलं आणि म्हणाला, "भरून येईल."

नाही येत भरून. झाड कुजलेला भाग आतल्या आत कोंडून टाकतं आणि त्यावर नवं लाकूड चढवतं. अमेरिकेच्या वनसेवेतले ॲलेक्स शिगो यांनी खोडं उभी चिरून हे दाखवलं, तेही १९७० च्या दशकातच. डांबरानं कुजणं थांबत नाही.

उडवलेल्या शेंड्याशी दाट कोंब फुटले. सावली परतली म्हणून सगळे खूश. पण असे कोंब लाकडात खोलवर रुजलेले नसतात. जाड झाले की वाऱ्यात तेच आधी निखळतात. एक निखळला, पत्र्यावर पडला, आणि बोल लागला झाडाला!

आता छाटणी माझ्यासमोरच होते. आधी खालून खाच, मग जरा पुढे वरून काप, आणि उरलेला खुंट काढताना फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याला धक्का नाही. एका वेळी पाव हिश्श्याहून जास्त हिरवा भाग काढू देत नाही. पानं चुरून आळ्यात घालते, बुंध्यापासून वीतभर लांब.

पूर्वी मी म्हणायचे, झाडाला हात लावायचाच नाही, त्याचं ते बघून घेईल. रानात ठीक आहे. छपरावर झुकलेल्या फांदीखाली माणसं वावरतात. तरी करवतीचा आवाज आला की मला अजून तेच जुनं म्हणणं पटतं.

साल सोललेल्या जागी आता ठोकलं की पोकळ आवाज येतो. झाडं तपासणाऱ्या जाणकाराला बोलावलंय. खोडच धोक्याचं आहे म्हणाला, तर हट्ट करणार नाही, असं आज म्हणते. त्याच्यासमोर तेच म्हणेन की नाही, सांगता येत नाही.